उभा लावलेला दगड

गावात ठरलं ते असं. दगड खोटा निघाला तर ठेकेदार जबाबदार. दगड खरा निघाला तर माझ्या मामाचा हात खोटा. तिसरं काही असू शकतं हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या अलीकडचं. तिथल्या महादेवाच्या देवळाला नवी ओसरी बांधली होती. जुनी लाकडाची होती, ती वाळवीनं खाल्ली. गावाच्या उशाला काळ्या दगडाची टेकडी आहे. देऊळही त्याच दगडाचं, आणि ते कधीचं हे कुणाला धड सांगता येत नाही इतकं जुनं. तरी नव्या ओसरीला काळा दगड नको होता. देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी उत्तरेच्या यात्रेत लाल दगडाची देवळं पाहिली होती आणि आपल्या देवालाही तसंच शोभून दिसेल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वर्गणी झाली. ठेकेदारानं राजस्थानातून ट्रकभर लाल दगड मागवला. कागदावर त्याला वालुकाश्म म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. खांब उभारायला मामाला बोलावलं, कारण त्या पट्ट्यात दगडाच्या कामाला दुसरं नाव कुणी घेत नव्हतं.

ओसरी झाली. लोकांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. एक पावसाळा गेला, दुसरा अर्धा गेला. एका सकाळी गुरवाची सून ओसरी झाडत असताना एका खांबाची उभी चीप सुटली, खांब कलला आणि वरची आडवी शिळा एका बाजूनं खाली आली. ती बाई मागं सरकली म्हणून वाचली. पाय मात्र सापडला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा पाय होता, पण घोट्याखाली त्याला स्वतःचं काही करता येत नव्हतं.

ठेकेदाराचं म्हणणं एका ओळीचं होतं. माल बरोबर, मिस्त्री चुकला. सांध्यात मसाला कमी घातला असेल, ओळंबा चुकला असेल, पोरांवर सोडून हा चहाला गेला असेल. मामा म्हणाला, चहा मी पीतच न्हाई. त्यावर चार माणसं हसली, आणि मामाच्या बाजूनं त्या दिवशी गावात जे काही झालं ते एवढंच.

मी बांधकाम मजुरांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, भिंतीवर चिकटवते. एवढ्या दिवसांत एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे. बांधलेलं काहीही पडलं की सगळ्यात आधी गवंड्याचं नाव पडतं. नकाशा काढणारा पडत नाही, माल पुरवणारा पडत नाही, फीत कापणारा तर नाहीच नाही. म्हणून गुरुजींनी जेव्हा, दगडच तपासून घेऊ, म्हणजे पाप कुणाचं ते दगडच सांगेल, असं सुचवलं, तेव्हा सगळ्यात आधी हो मी म्हणाले. मला खात्री होती. नवं पत्रक माझ्या डोक्यात तयारच होतं, मथळ्यासकट.

मामाला खात्री होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. त्याचं सगळं या एका गोष्टीवर होतं. शेत आहे नावाला. शाळा चौथीची. लोक त्याला बोलवत ते उंबऱ्याला, विहिरीच्या काठाला, देवळाच्या पायरीला, आणि बोलवताना त्याच्याकडं दुसरं काही मागत नसत. तो हातात दगड घ्यायचा, छिन्नीनं एक टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचा, हा चालल, तो नको. त्याचा एकच धर्म होता: सांधा कमी पाहिजे. चार तुकड्यांचा खांब येडा बी करतोय, म्हणायचा, एका दगडाचा खांब उभा करायला मिस्त्री लागतोय. ओसरीचे खांबही त्यानं तसेच केले होते. लांब दगड निवडून, घडवून, उभे. वर एक बैठक, खाली एक. मधे सांधा नाही. गावानं तेव्हा वाहवा केली होती, ठेकेदारानंही.

पडलेल्या खांबाचे तुकडे देवळामागं टाकले होते. ठेकेदार म्हणाला, तुटका कशाला नेता, मी ताजा दगड देतो की चांगला. मी म्हणाले, चांगला दगड तुमच्याकडंच ठेवा, जो पडला तोच न्यायचाय. परभणीच्या प्रयोगशाळेत न्यायला आम्ही तो पोत्यात भरून जिंतूरच्या स्टँडवर आणला. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. एसटीत चढायच्या आधी मामा तिथंच, माणसांत, वाकला. एरवी सणावाराला वाकतो तेव्हा मी त्याची चेष्टा करते. त्या दिवशी केली नाही.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला आणि विचारलं, काय हाय यात. मामा म्हणाला, खांब. कंडक्टर म्हणाला, देवाचा हाय का घरचा? देवाचा म्हणल्यावर त्यानं सामानाचं तिकीट घेतलं नाही, पण पोतं पार मागच्या सीटखाली ढकलायला लावलं. परभणीपर्यंत मामा दर खड्ड्याला मागं वळून बघत होता.

प्रयोगशाळा म्हणजे काचा, पांढरे डगले, असं काहीतरी माझ्या मनात होतं. ते शहराबाहेर गोदामांच्या रांगेतलं पत्र्याचं शेड निघालं. पुलाचं, रस्त्याचं, पाण्याच्या टाकीचं काम करणारे लोक तिथं सिमेंटचे ठोकळे आणून देतात आणि ते किती दाब सोसतात ते लिहून घेऊन जातात. दाबून फुटलेले ठोकळे दारात पडलेले असतात. आलेली माणसं त्यांच्यावरच बसतात. आम्हीही बसलो.

तिथल्या इंजिनिअर मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, नखांत सिमेंट. त्यांनी पोतं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, हा दगड इथं पहिल्यांदाच आला, आमच्याकडं सगळे काळाच आणतात. मी त्यांना सगळं सांगायला लागले. ठेकेदार, वर्गणी, पाय गेलेली बाई, मजुरावर ढकललेला दोष. त्यांनी बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, मशीनला भाषण कळत नाही. दगड किती सोसतो ते बघायचंय ना? तेवढं बघू."

मला राग आला. पण मामाला त्या एकदम पटल्या.

पाण्याची धार सोडलेल्या करवतीनं त्यांनी दगडाचे सारखे ठोकळे कापले. करवतीखालून लाल गाळ वाहत होता. मामानं त्यात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं आणि हळूच म्हणाला की ही तर वाळूच हाय. मॅडम म्हणाल्या, हो काका, वाळूच. लाखो वर्षं पाण्याखाली थरावर थर बसला आणि त्याचा दगड झाला. आपला काळा दगड तसा नाही, तो वितळलेल्या रसाचा आहे. मामानं मान हलवली, पण त्याचं लक्ष ठोकळ्यांकडं होतं. काही ठोकळे भट्टीत वाळायला गेले, काही पाण्याच्या हौदात. हौदात टाकलेल्या ठोकळ्यांतून बारीक बुडबुडे वर यायला लागले आणि येतच राहिले. मामा हौदाच्या काठावर बसून ते बघत होता.

"पाणी पितोय गं माय हा," तो मला म्हणाला. "काळा न्हाई पीत."

काही दिवसांनी या, असं सांगून मॅडमनी आम्हाला परत पाठवलं. त्या दिवसांत ठेकेदाराचा मला फोन आला. ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, मिटवून घेऊ. मी म्हणाले, शिकले म्हणूनच मिटवत नाही. माझी खात्री आणखी पक्की झाली. ज्याचा माल खरा आहे तो मिटवायला कशाला फोन करेल? मी पत्रकाचा मजकूर लिहून काढला. मामानं तो वाचायला मागितला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं की हा दगड मुळातच कुजका आहे. तो म्हणाला, कुजका म्हणू नको अजून. छिन्नीखाली कुजका लागला न्हाई मला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मॅडमनी आम्हाला मशीनजवळ उभं केलं, पण जाळीच्या मागं. दोन जाड लोखंडी पाटांमध्ये कोरडा ठोकळा ठेवला. वरचा पाट हळूहळू खाली येऊन दगडाला टेकला. मग दिसायला काहीच घडत नव्हतं, फक्त बाजूच्या पडद्यावरचे आकडे चढत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, फूट, फूट आता. आकडे चढतच राहिले. मॅडमच्या भुवया वर गेल्या. शेवटी बंदुकीसारखा आवाज झाला आणि ठोकळ्याचे कोपरे उडाले. दुसराही तसाच. मग पाण्यात भिजलेले घेतले. ते थोडे आधी फुटले, पण तेही खांबाला जेवढं सोसावं लागतं त्याच्या बऱ्याच वर जाऊन.

मॅडम म्हणाल्या, दगड चांगला आहे. चांगलाच आहे.

मी आधी मामाकडं बघितलं. तो खूश झाला होता. खरंच. आपण निवडलेला, घडवलेला दगड चांगला निघाला म्हणून त्याच्या तोंडावर समाधान आलं होतं. ते किती वेळ राहिलं? ठरलं काय होतं ते आठवेपर्यंत. मग तो खाली बसला. फुटलेल्या ठोकळ्यांच्या ढिगाजवळ, भिंतीला टेकून. दगड खरा म्हणजे हात खोटा.

मी भांडायला लागले. मशीन बरोबर आहे का, आकडे कोण तपासतं, ठेकेदार इथं येऊन गेला का, हेसुद्धा विचारलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मला सोडून मामालाच विचारलं, "काका, खांबात हा दगड कसा बसवला होता? आडवा की उभा?"

"खांब म्हणल्यावर उभाच की."

"तसं नाही. खाणीतून लांब फळीसारखा आला असेल ना? ती फळी उभी केली?"

मामा म्हणाला, केली. एकाच दगडाचा खांब केला. सांधा ठेवला न्हाई. एवढं बोलताना शेवटी त्याचा आवाज जरा चढला, कारण ते त्याच्या अभिमानाचं होतं.

मॅडमनी हौदातून एक ओला ठोकळा काढला, त्याची एक बाजू फडक्यानं पुसली आणि मामाच्या हातात दिला. नीट बघितलं तर त्या बाजूला बारीक रेषा दिसत होत्या, गडद, फिकट, गडद, फिकट. आतापर्यंत ठोकळे ठेवले तेव्हा या रेषा आडव्या होत्या, त्या म्हणाल्या. पुस्तक टेबलावर झोपवून वरून दाबावं तसं. आता आपण पुस्तक उभं करू. त्यांनी ठोकळा घेतला, एका कुशीवर वळवला आणि मशीनमध्ये ठेवला. दगड तोच, पाणी तेच, मशीन तेच.

या वेळी आवाजसुद्धा झाला नाही. आकडे थोडे वर गेले आणि घुटमळले. ठोकळ्यावर वरून खाली एक रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी. पाट वर उचलला तर ठोकळा चिपाचिपांनी अलग झाला होता. देवळामागं पडलेला खांब हुबेहूब असाच दिसत होता. मॅडमनी आणखी एक लावून दाखवला. तोही तसाच.

खांबाच्या डोक्यावरून पावसाचं पाणी थेट थरांच्या फटींत उतरत असणार, असं त्यांनी सांगितलं. भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो, आणि वरून शिळेचं वजन. हा दगड खाणीत जसा झोपलेला असतो तसाच झोपवून लावायचा असतो. जिथं हा दगड निघतो तिथल्या पोरासोरांनाही हे माहीत असतं.

मामा चीप हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. बराच वेळ फिरवत होता.

"याला पदर हायेत," तो म्हणाला. "भाकरीला असतेत तसे. मी काळ्यात पदर बघितलाच न्हाई कधी. काळा कसा बी लावा."

मी त्याला तिथंच म्हणाले आणि अजूनही म्हणते की यात त्याचा दोष काय? काळ्या दगडाच्या मुलखात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात तुम्ही हजार कोसांवरचा दगड देता आणि त्याचा स्वभाव सांगत नाही. नकाशात ते नव्हतं. ठेकेदारानं विचारलं नाही, विकणाऱ्यानं सांगितलं नाही. गुरुजींनी रंग बघितला. ज्यानं परका दगड आणला त्यानं तो कसा बसवायचा हेही आणायचं, हा साधा न्याय आहे. सून आणताना माणसं चार गोष्टी विचारतात की नाही?

मामा म्हणाला, विचारायचं मी बी होतं.

परतीच्या एसटीत मी त्याला समजावलं. अहवालात दोन्ही निकाल आहेत. आपण दुसरा पुढं करू. ओला, उभा दगड टिकला नाही, हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. दगड खांबाला लायक नव्हता म्हणायचं, ठेकेदारानं बदलून द्यायचं, तुझं नाव मोकळं. तो खिडकीबाहेर बघत होता. कापसाच्या रानांत पाणी साचलेलं होतं. गाडी बोरीच्या पुढं गेल्यावर तो बोलला.

"तू खोटं न्हाई बोलायलीस. अर्धं बोलायलीस."

मी गप्प बसले नाही, अर्थात. पण तो पुढं म्हणाला की दगडालाच खोटा ठरवला तर ठेकेदार दुसरी गाडी आणल, आणि कुणीतरी मिस्त्री तो बी उभाच लावल. आन् बाकीचे खांब? ते बी म्याच लावलेत. समदे उभे हायेत.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पडलेल्या खांबाचा विचार करत होते. न पडलेल्यांचा मामा करत होता.

बैठक ओसरीतच भरली. एका कोपऱ्यात शिळेच्या जागी पत्रा टाकलेला होता, बाकी सगळे उरलेल्या खांबांखाली बसले होते. गुरवाची सून पायरीखाली अंगणात, काठी आडवी धरून. ठेकेदारानं अहवाल हातात घेतला, पहिलं पान वाचलं आणि घडी घातली. दगड चांगला निघाला, म्हणाला, आता आणखी काय बोलायचं? मी उठले. दुसरं पान वाचा म्हणाले, नकाशा कुणी काढला, विचारलं कुणी, सांगितलं कुणी, सगळं बोलले, चढ्या आवाजात, आमच्या सभेत बोलते तसं. कुणीतरी मागून म्हणालं, मामाची वकिलीण आली. लोक हसले. मी त्यालाही उत्तर दिलं असतं, पण मामा उठून उभा राहिला होता.

तो सभेत कधी बोललेला नव्हता. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"दगड खरा हाय," तो म्हणाला. "म्या उभा लावला. त्याला निजवायचं असतंय, मला ठाव न्हवतं. बाईच्या पायावर माझाच दगड पडलाय." मग त्यानं मान वर करून छताकडं बघितलं. "आन् तुमी ज्याच्याखाली बसलाव ते बी समदे तसेच हायेत. उतरवा. मी सोता उतरवून देतो."

आधी कुणी हललं नाही. मग एक जण, तंबाखू थुंकायला जातो अशा ढंगात, उठून अंगणात गेला. त्याच्यामागं आणखी दोघं. मग पोरं, मग बाया. एक म्हातारा म्हणाला, वर देव बसलाय की, कशाला भेता, आणि बोलता बोलता स्वतःही पायरी उतरला. ठेकेदार आधीच बाहेर मोबाईलवर बोलत होता. शेवटी ओसरीत गुरुजी एकटे उरले. त्यांना उठणं बरं दिसलं नसतं. त्यांनी फक्त पाय जवळ ओढून घेतले.

तिथूनच ते म्हणाले, "म्हणजे मिस्त्री, चूक आपली, हे आपण मान्य करता."

मामा म्हणाला, करतो. पण खांबाचं...

"खांबाचं बघू. पाऊस होऊ द्या, दिवाळी होऊ द्या. एवढी लोकांची वर्गणी आहे. एक पडला म्हणून सगळे पडतील असं थोडंच आहे?"

गावानं मामाच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं तिथंच टाकून दिलं. चूक कुणाची ते कळलं, बैठक संपली. ठेकेदाराला तर तिथंच कुणीतरी पुढच्या कामाचं विचारत होतं. माणसानं खरं बोलावं असं आपण पत्रकात लिहितो. खरं बोलल्यावर काय होतं ते मी त्या अंगणात बघितलं. बोलणाऱ्याला शिक्षा झाली, आणि ज्यासाठी तो बोलला ते झालंच नाही.

पडलेला खांब पुन्हा उभारायला दुसरा मिस्त्री बोलावला. चांगला माणूस आहे, आमच्याच संघटनेत आहे. त्याला मी अहवालाचं दुसरं पान दाखवलं, मॅडमशी फोनवर बोलायला लावलं. त्याला सगळं समजलं. तरी त्यानं नवा खांब उभाच लावला, एका दगडाचा. गुरुजींनी सांगितलं होतं की बाकीच्यांशी जुळला पाहिजे. नाहीतर थिगळ दिसतं.

मामाला त्यानंतर कुणी उंबऱ्यालासुद्धा बोलावलं नाही. हत्यारं त्यानं तेल लावून गोणपाटात गुंडाळली. आता तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दिवसाच्या कामाला जातो. पोती उचलतो. मी त्याला म्हणाले, संघटनेकडून आपण लढू, वर अर्ज करू, खांब उतरवायला लावू. अर्ज केलेही. ते अजून कुठं आहेत ते मला माहीत नाही. उत्तर आलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो एका सकाळी बैलगाडीतून बाभळीच्या बल्ल्या घेऊन देवळात गेला. मी सोबत होते. कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येक खांबाशेजारी एक टेकू द्यायचा, म्हणजे खांब गेला तरी शिळा लगेच खाली येणार नाही, माणसाला पळायला वेळ मिळेल, एवढाच त्याचा हिशोब होता. गुरुजी पारावर बसले होते. त्यांनी बघितलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. अडवलं नाही. मदतीला चला असंही कुणाला म्हणाले नाहीत.

बल्ली उभी करून वर पाचर मारायची तर खालून कुणीतरी बूड घट्ट धरायला लागतं. मी धरत होते, पण माझ्या हातून ते सटकत होतं. गुरवाची सून काठी टेकत आली. काठी भिंतीला लावली, खाली बसली, अधू पाय लांब केला आणि माझ्या हातातून बल्लीचं बूड घेतलं. तिनं दोन्ही हातांनी आणि चांगल्या पायाच्या टाचेनं ते असं दाबून धरलं की हललं नाही.

मामा शिडीवर होता. खाली न बघता तो म्हणाला, "राग न्हाई का माझ्यावर?"

"हाय की," ती म्हणाली. "लय हाय. पर झाडायला मलाच यावं लागतंय हितं. तुमी ठोका."

मामानं पाचर ठोकली. टेकू घट्ट बसला. तो उतरला, शिडी उचलली, तिनं काठी उचलली, आणि दोघं पुढच्या खांबाकडं निघाले. खालून जाताना दोघांनीही वर बघितलं.